पालक-शिक्षक संघात किती गुंतायचं? माझा अनुभव

मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. वर्षातली पहिली पालकसभा, बाईंनी विचारलं वर्गप्रतिनिधी कोण होणार, आणि सगळ्यांच्या माना खाली. ती शांतता मला सहन होईना म्हणून मी हात वर केला. तिथून संघाच्या कार्यकारी समितीत गेलो आणि दोन महिन्यांत सचिवाचं कामही माझ्याकडे आलं कारण आधीच्या ताईंची नोकरी बदलली.

कागदावर काम छोटं दिसतं. महिन्याला एक मीटिंग, तिची नोटीस काढायची, विषयपत्रिका करायची, इतिवृत्त लिहायचं. पण खरा वेळ जातो पाठपुराव्यात. मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात आणि मग त्या हो चं पुढे काय झालं हे सचिवानेच विचारत बसायचं. त्यात व्हॉट्सॲप ग्रुप, रात्री अकराला उद्या गणवेश कुठला म्हणून मेसेज, वार्षिक कार्यक्रमाची धावपळ, खेळाच्या दिवसाला माणसं कमी पडली की पुन्हा मीच. एकदा महिनाभर वहीत तास मांडले तर २३ झाले.

तरी मी ओढत राहिलो असतो. पण एक दिवस वर्गशिक्षिकेने बाजूला बोलावून सांगितलं की मुलगी वाचनात दोन महिन्यांपासून मागे पडतेय, मोठ्याने वाचायचं टाळते. त्या आठवड्यात मी तीन वेळा शाळेत जाऊन आलो होतो! तिच्या वर्गावरून गेलो होतो, आणि हे मला माहीतच नव्हतं. ते फार लागलं मला.

मग वाटलं सगळंच सोडून द्यावं. त्याच काळात हिल आणि टायसन या संशोधकांचा २००९ चा अभ्यास वाचनात आला, त्यांनी साधारण सहावी ते आठवीच्या मुलांवरचे आधीचे ५० अभ्यास एकत्र तपासले होते. पालकांनी शाळेतल्या गोष्टींत भाग घेण्याचा अभ्यासातल्या प्रगतीशी संबंध दिसला, पण त्याहून जास्त दिसला तो मुलांशी शिक्षणाबद्दल बोलण्याचा, अभ्यास कशासाठी, पुढे काय करायचंय, त्यासाठी काय लागेल, अशा बोलण्याचा. माझी मुलगी त्यांच्याहून लहान, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण घरचा वेळ खाऊन शाळेला द्यायचा नाही एवढं माझं पक्कं झालं.

पण पूर्ण सोडवेना. कारण संघामुळे एक चांगलं काम झालेलं मी बघितलं होतं. मधल्या सुट्टीत शाळेची लायब्ररी बंद असायची, बसायला माणूस नाही म्हणून. आम्ही पालकांनी आठवड्यातले दोन दिवस वाटून घेतले आणि ती उघडी राहायला लागली. शिवाय दुपारी तीनच्या मीटिंगला कोण येऊ शकतं? ज्यांना त्या वेळी सुटी मिळते तेच. शिफ्टमध्ये काम करणारे, घरी आजारी माणूस असलेले, त्यांचं म्हणणं तिथे पोचतच नाही. मी निघून गेलो तर ते मांडणारं एक माणूस अजून कमी होणार होतं, कारण त्यांचे प्रश्न विचारणारे आम्ही दोघं-तिघंच होतो.

बायकोशी दोन-तीन दिवस बोललो. ठरवलं असं की वर्ष पुरं करायचं, मध्येच टाकून जायचं नाही, आणि पुढच्या वर्षी दोनच कामं, इतिवृत्त आणि बुधवारी लायब्ररी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, तुम्ही नाही म्हटलंत तर कोण करणार?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मी एवढंच म्हटलं की मॅडम, ही दोन कामं मी नक्की करेन, बाकीची नाही. वर्ष संपताना फाइल, अर्धवट विषयांची यादी, कुणाशी काय बोलणं झालंय ते सगळं लिहून दिलं. सचिवाचं काम आता दोघींनी वाटून घेतलंय, आणि खरं सांगायचं तर पाठपुरावा माझ्यापेक्षा त्या चांगला करतात.

तुम्हाला कुणी विचारलं तर हो म्हणायच्या आधी मागच्या वर्षी ते काम केलेल्या माणसाला फोन करा. मुदत किती, मीटिंगा किती आणि कुठल्या वेळी, मीटिंगबाहेर काय करावं लागतं, सगळं विचारा. खजिनदार होणार असाल तर पैसे काढायला दोन सह्या लागतात ना आणि प्रत्येक खर्चाचं बिल आहे ना हे आधी बघा, नाहीतर नंतर चांगल्या माणसावरही संशय येतो. आणि आपल्या मुलाची तक्रार समितीत न्यायची नाही, ती वर्गशिक्षकांकडे. समितीत सगळ्यांच्या मुलांचं बोलायचं, हे मात्र मी आजही आग्रहाने सांगतो.

आता माझे महिन्याला चार तास जातात. संध्याकाळी अर्धा तास मुलगी आणि मी वाचतो, एक पान ती, एक पान मी.

या वर्षीच्या पहिल्या सभेत बाईंनी विचारायच्या आधीच आम्ही कामांचा कागद फळ्यावर लावला, प्रत्येक कामापुढे महिन्याचे तास लिहून. दोन-दोन तासांच्या कामांपुढे नावं लगेच भरली, त्यात आधी कधीच न आलेले चार पालक होते. खजिनदाराची जागा अजून रिकामी आहे.