ॲब्सोल्यूटचे पहिले तीन अंक: काय काढून घेतलं आणि काय उरलं

बुधवारी, 6 नोव्हेंबर 2024 ला ‘ॲब्सोल्यूट सुपरमॅन’चा पहिला अंक आला आणि डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या ‘ॲब्सोल्यूट’ या नव्या विश्वाची तिन्ही मोठी नावं एकदाची समोर आली. 9 ऑक्टोबरला बॅटमॅन, 23 ऑक्टोबरला वंडर वुमन आणि आता सुपरमॅन. भाऊबीज होऊन तीनच दिवस झालेत, दिवाळी अंकांचा गठ्ठा अजून तसाच पडलाय, पण आधी हे वाचून काढलं. तिन्ही अंक पुन्हा एकापाठोपाठ एक वाचले आणि मगच लिहायला बसलो. ज्यांनी वाचले नसतील त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड होतील.

सुरुवात झाली ती 2 ऑक्टोबरच्या ‘ऑल इन स्पेशल’पासून. हा अंक दोन्ही बाजूंनी वाचायचा. एका बाजूला डॅनियल सॅम्पेरेची चित्रं, अंक उलटा धरला की दुसऱ्या बाजूला वेस क्रेगची. लेखन स्कॉट स्नायडर आणि जोशुआ विल्यमसन यांचं. डार्कसाइड या खलनायकाच्या शक्तीतून एक वेगळं विश्व घडतं आणि त्या विश्वात नायकांना जन्मापासून मिळणारा आधारच मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचे अंक वाचायला पुरतं. मला क्रेगची बाजू जास्त भावली. तिच्यात काळोखाला वजन आहे.

तर कल्पना अशी: नायकाकडून त्याचं हक्काचं काहीतरी काढून घ्यायचं आणि तो तरीही तोच राहतो का ते बघायचं. वेताळाकडून त्याची गुहा, अंगठी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा काढून घेतला तर जंगलात कोण उरेल, तसाच हा प्रश्न. बॅटमॅनचा पैसा गेला, सुपरमॅनचं कॅन्ससमधलं बालपण गेलं, वंडर वुमनचं बेट आणि तिच्या बहिणी गेल्या. जाहिरातीत ही तिन्ही नुकसानं एकाच मापाची वाटतात. वाचताना मात्र तसं अजिबात वाटत नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्याबद्दलच आहे.

सुपरमॅनपासून सुरू करतो, कारण तो ताजा आहे. लेखक जेसन ॲरन, चित्रकार राफा सँडोव्हाल, रंग उलिसेस अरेओला यांचे. क्रिप्टॉनवर, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मग्रहावर, इथे उघड वर्गव्यवस्था आहे. काल-एलचे, म्हणजे सुपरमॅनचेच, आईवडील कष्टकऱ्यांच्या वर्गातले, आणि छातीवरची ती ओळखीची खूण म्हणजे त्या वर्गाचा शिक्का. पृथ्वीवर तो ब्राझीलमधल्या खाणीत, लाझारस नावाच्या कंपनीच्या माणसांपासून कामगारांना वाचवताना दिसतो. केप कापडाचा नाही, धुळीच्या कणांचा आहे, आणि पोशाखाला स्वतःचा आवाज आहे.

अनेकांना हा फार मोठा बदल वाटतोय. मला तो घरी परतल्यासारखा वाटला. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन 1938 मध्ये आला आणि ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या तिसऱ्याच अंकात तो खाणीत उतरला होता. तिथला मालक सुरक्षेवर खर्च करायला तयार नसतो. सुपरमॅन खाणकामगाराचं सोंग घेतो, मालकाला आणि त्याच्या मेजवानीतल्या पाहुण्यांना खाली नेतो आणि खाण कोसळवून त्यांना आत अडकवतो. परग्रहावरचे राक्षस नाहीत की त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट नाही, सगळं भांडण हेळसांड करणाऱ्या श्रीमंताशी. ॲरनने ते 86 वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा उकरून काढलंय, आणि त्यासाठी मी त्याला पूर्ण गुण देतो.

तरीही तिघांत हा अंक माझ्या लेखी तिसरा. क्रिप्टॉनची पानं भक्कम आहेत. आकाशाला भिडलेल्या झगमगीत इमारती आणि खाली धुळीने माखलेली माणसं हा फरक सँडोव्हाल एकही संवाद न वापरता दाखवतो. पण पृथ्वीवरच्या भागात काल-एलला मनातलं बोलायला कुणीच नाही. त्याला कॅन्ससमध्ये वाढवणारं केंट दांपत्य नाही हे ठीक, पण त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. पोशाखातला आवाज आकडेवारी सांगतो, सोबत करत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या अंकापर्यंत एक तरी जिवंत नातं उभं राहिलं पाहिजे.

बॅटमॅनचं गणित उलटं आहे. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे 1939 च्या 27 व्या अंकात तो आला तेव्हापासून मुखवट्यामागचा ब्रूस वेन श्रीमंतच आहे. त्याचा बटलर आल्फ्रेडसुद्धा 1943 पर्यंत नव्हता, पण पैसा पहिल्या दिवसापासून होता. म्हणजे पैसा काढून घेणं हा मुळावरच घाव झाला. स्नायडरने हे धाडस समजून-उमजून केलंय. 2011 पासून ग्रेग कापुलोसोबत त्याने जो बॅटमॅन लिहिला, त्याच्या गळ्यात गॉथम शहरातल्या जुन्या घराण्यांचा इतिहास पडला होता. इथे ब्रूस 24 वर्षांचा, शहरासाठी काम करणारा इंजिनियर आहे. वडील थॉमस शिक्षक होते, शाळेच्या सहलीत प्राणिसंग्रहालयात झालेल्या गोळीबारात गेले. आई मार्था जिवंत आहे. वेलन जोन्स, ऑस्वल्ड, हार्वी, एडी हे नेहमीच्या कथांमधले त्याचे शत्रू इथे त्याची लहानपणची मित्रमंडळी. आणि आल्फ्रेड ब्रिटिश गुप्तहेर आहे, जो लांबून या माणसाला न्याहाळतो आणि आपल्याला गोष्ट सांगतो.

निक ड्रॅगोटाबद्दल लिहायला पाहिजे. त्याने बॅटमॅनला भिंतीएवढा केलाय. छातीवरचं वटवाघूळ या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, जाड, चौकोनी ठोकळ्यासारखं, आणि ते सुटून हातात आलं की कुऱ्हाडीचं पातं होतं. कानसुद्धा उपसले की सुरे होतात. ज्याच्याकडे गाड्या आणि गुहा नाहीत, त्याने अंगावरची एकही वस्तू नुसती शोभेची ठेवलेली नाही, हे एका चित्रात कळतं. पानांची रचनाही तशीच ठासून भरलेली: छोट्या छोट्या पॅनेलची, म्हणजे चित्रचौकटींची, दाटी, एक हात, एक डोळा, एक मुखवटा, आणि मग पान उलटल्यावर अख्खा बॅटमॅन अंगावर येतो. फ्रँक मार्टिनचे सपाट, गडद रंग त्या दाटीतही नजर भरकटू देत नाहीत.

माझी हरकत हिंसेबद्दल आहे. या बॅटमॅनच्या मारामारीत हाडं मोडतात, रक्त सांडतं, आणि ते चित्रकाराला इतकं छान जमतं की वाचक टाळ्या वाजवतो. ब्रूसला त्याची किंमत मोजावी लागते की नाही, हे पुढच्या अंकांनी दाखवायला हवं. आई जिवंत आहे, तीच ते दाखवू शकते. मार्थाला नुसतं घरात बसवून ठेवलं तर माझी मोठी निराशा होईल.

आणि आता वंडर वुमन. केली थॉम्पसनचं लेखन, हेडन शर्मनची चित्रं, जॉर्डी बेलेअरचे रंग, बेका केअरीचं लेटरिंग. या महिन्याभरात मी वाचलेल्यांत हा सर्वांत चांगला सुपरहिरो अंक.

विल्यम मोल्टन मार्स्टन आणि एच. जी. पीटर यांनी 1941 मध्ये डायना, म्हणजे वंडर वुमन, घडवली तेव्हा बेट हाच तिचा पाया होता. बायकांनी बायकांसाठी उभारलेलं जग, त्यात वाढलेली मुलगी आणि तिथून ती पुरुषांच्या जगात येते. ते बेटच काढून घेतलं तर डायना कशाच्या जोरावर डायना राहणार? थॉम्पसनने इथे उत्तर म्हणून एक आई दिली आहे. अपोलो एक तान्ही मुलगी घेऊन नरकात येतो आणि तिथे शिक्षा भोगत असलेल्या चेटकीण सर्सीच्या हवाली करतो. बेटावरच्या त्या स्त्रियांचं ‘ॲमेझॉन’ हे नाव उच्चारायलाही बंदी. सर्सीला मूल नको असतं. ती चिडते, तोंड फिरवते. मग पानामागून पान तिचा चेहरा बदलत जातो, आणि त्या बदलासाठी शर्मनने एकही मोठं चित्र खर्ची घातलेलं नाही. भुवई जराशी खाली, मान जराशी वळलेली, हात पुढे येता येता थांबलेला.

दुसऱ्या धाग्यात आजचं गेटवे सिटी, आणि आभाळातून हाडांच्या पेगॅससवर, म्हणजे पंखवाल्या घोड्यावर, बसून येणारी, स्वतःपेक्षा अवजड वाटणारी तलवार घेतलेली तरुण डायना. नरकात वाढलेली मुलगी क्रूर निघेल असं वाटतं. ती येते आणि आधी लोकांना वाचवते. तिची माया कुठून आली हे मागच्या पानांवर आपण बघितलेलं असतं, त्यामुळे कुणाला भाषण द्यावं लागत नाही. दोन काळांमधली ही ये-जा सुपरमॅनच्या अंकातही आहे, पण तिथे एक काळ दुसऱ्याची माहिती पुरवतो. इथे एक काळ दुसऱ्याला अर्थ देतो. थॉम्पसनचं ‘ब्लॅक विडो’ ज्यांनी वाचलंय त्यांना हे नवल वाटणार नाही.

आकार शर्मनच्या हातात किती वाकतात ते मुद्दाम बघा. पॅनेलच्या कडा क्वचितच सरळ राहतात, आणि तरी कुठून कुठे वाचायचं याचा गोंधळ होत नाही. मोबाइलवर एकेक पॅनेल मोठं करून वाचणाऱ्यांना कळकळीने सांगतो, हा अंक तरी पूर्ण पानाने वाचा.

प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हलच्या ‘अल्टिमेट’ मालिकांशी तुलना होणारच. जानेवारीत आलेल्या हिकमन आणि चेकेट्टो यांच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, शक्ती उशिरा मिळते, लग्न होऊन मुलं झाल्यावर. तिथे नायकाला आधी संसार दिला, इथे आधी होतं ते काढून घेतलं. मला दोन्ही हवेत, दोन्ही यादीत ठेवलेत.

नवख्यांसाठी माझा क्रम प्रकाशनाच्या तारखांनुसार नाही: आधी वंडर वुमन, मग बॅटमॅन, मग सुपरमॅन. स्पेशल शेवटी वाचला तरी चालेल. बॅटमॅन आणि वंडर वुमन या दोघांचेही दुसरे अंक याच महिन्यात येतायत. बॅटमॅनच्या अंकात मी मार्थाकडे लक्ष ठेवणार आहे, वंडर वुमनच्या अंकात सर्सीकडे. सुपरमॅनचा तिसरा अंक येईपर्यंत त्याच्याबद्दलचं मत राखून ठेवतोय. तोवर 1938 चे सुरुवातीचे ‘ॲक्शन कॉमिक्स’ पुन्हा काढलेत. खाणीची गोष्ट झाली, आता पुढची वाचतोय.