ह्यात पाऊस कुठं धरलायस?

१४ मार्च, रात्री साडेदहा

आज मला २४ वर्षं पूर्ण झाली. बेदाण्याचा हंगाम ऐन भरात आहे, त्यामुळे सकाळी सहाला द्राक्षं वाळवायच्या शेडवर गेले ती आत्ता जेवून वही घेऊन बसले आहे. वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतो त्या डिपिंग ऑइलचा वास दोनदा साबण लावला तरी हाताचा गेलेला नाही. दुपारच्या डब्यात आईनं शेवयांची खीर दिली होती, आपलाच बेदाणा घालून. रॅकखाली बसून आम्ही सगळ्या बायकांनी ती वाटून खाल्ली.

वाढदिवसाला पुढची ध्येयं लिहायची सवय मला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी लागली. आज आधी ते जुनं पान काढलं. ‘तिशीच्या आत १ कोटी. पुण्यात फ्लॅट. स्वतःची गाडी.’ खाली दोन ठळक रेघा. हे १ कोटी कशातून येणार, कुणाच्या कष्टातून येणार, याचा त्या पानावर एक शब्दही नाही. तरी ते पान मी फाडणार नाही. तेव्हा मी मनापासून मोठं काहीतरी मागत होते, फक्त काय मागायचं हे कळलं नव्हतं.

ते कळलं पुण्यात. अकाउंट्सची नोकरी करत होते तेव्हा एका दुकानात सुक्या मेव्याची पाकिटं हाताळत होते. बेदाणा हिरवट, लांब, एकसारखा. बघताक्षणी ओळखला, आपल्या भागातला. पाकिटावर मात्र सांगलीचं नाव नाही, तासगावचं तर नाहीच. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरी आपला माल १५ किलोच्या बॉक्समधून बाहेर पडला की त्याचं गाव मागंच राहतं. त्या दिवशी रूमवर जाऊन आण्णांना फोन केला आणि म्हटलं, मी परत येते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये."

दोन हंगाम झाले त्याला. यंदाचं पान मी गेले आठ दिवस लिहिते आहे. आमची बाग अडीच एकर. साधारण २४ टन द्राक्षं निघतात आणि ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा, म्हणजे ६ टन, म्हणजे ४०० बॉक्स. मला तिशीपर्यंत वर्षाला ५० टन बेदाणा आमच्या नावानं, सांगलीच्या नावानं, लहान पाकिटांतून विकायचा आहे. ५० टनांना २०० टन द्राक्षं लागतात. एवढी आमच्या अडीच एकरांत सात जन्मांत पिकणार नाहीत. त्यासाठी शेजारच्यांचा, पाहुण्यांचा, पलीकडच्या वस्तीवरचा माल घ्यावा लागणार.

हे आकडे मांडले आणि तिथंच थांबले. कारण माल घ्यायचा म्हणजे पैसे द्यायचे, आणि तासगावला बेदाण्याचा सौदा, म्हणजे लिलाव, झाल्यावर पैशाची वाट बघणं काय असतं ते मी घरात बघितलंय. २१ दिवस म्हणायचे आणि महिने जायचे. मी नववीत असताना एका व्यापाऱ्यानं आमची अर्धी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे अर्धे पैसे, अडकवली होती. आण्णा रोज सकाळी पांढरा शर्ट घालून तासगावला जायचे आणि दुपारी तसेच परत यायचे. जेवताना कुणी काही विचारायचं नाही. म्हणून यंदाच्या पानावर ५० टनांच्याही वर, पहिल्या ओळीत लिहिलंय: ज्याचा माल घेईन त्याचे पैसे सातव्या दिवशी त्याच्या खात्यावर. किलोला १५० रुपये दर धरला तरी ५० टनांचे ७५ लाख होतात. एवढं खेळतं भांडवल उभं करणं हेच माझं खरं ध्येय आहे, ब्रँड त्याच्या मागून येईल.

ग्रेडिंग आणि पॅकिंगच्या यंत्रांसाठी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, आणि निदान १० टक्के पैसे आपले. माझ्या पगारातून साठवलेले आहेत, तेवढ्यात बसतं. फाईल घेऊन एका बँकेत गेले तर साहेब म्हणाले, "वडिलांना घेऊन या." मी म्हटलं, कर्ज मी घेणार आहे, फेडणार मी आहे. त्यांनी फाईल मिटली. फार लागलं ते मनाला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बँकेत जायचं आहे, आणि एकटीच जाणार आहे.

आज संध्याकाळी हे सगळं पान आण्णांना वाचून दाखवलं. आधी भीती वाटत होती. वीस टन, पस्तीस टन, पन्नास टन, कोणत्या साली किती, सगळं. ते बाजेवर बसून ऐकत होते. वही मागून घेतली, चष्मा लावला, बोट ओळीवरून फिरवत पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "हिशोब बरोबर हाय. पण ह्यात पाऊस कुठं धरलायस?"

मला उत्तर देता आलं नाही.

मागच्या हंगामातली ती रात्र लगेच आठवली. रॅकवर माल टाकून अकरावा दिवस होता, अजून चार-पाच दिवसांत झाडणी, म्हणजे वाळलेला बेदाणा जाळीवरून खाली पाडायचा. रात्री दोनच्या सुमाराला वारं सुटलं आणि पाऊस वरून न येता आडवा आला. वरचं कापड टिकलं, पण बाजूनं पाणी आत घुसलं. आई, आण्णा, मी, तिघं ताडपत्री धरून उभे. उजाडल्यावर आण्णांनी खालच्या चौथ्या जाळीवरचे चार मणी उचलले, चिमटीत दाबले आणि माझ्या तळहातावर ठेवले. गार, चिकट, आणि देठाकडून काळे पडायला लागलेले. आदल्या दिवशी तेच मणी पोपटी होते. भिजलेल्या दोन ओळींचा माल काळा बेदाणा म्हणून गेला, आणि काळ्याला काय दर मिळतो ते इथल्या लहान पोराला पण ठाऊक आहे.

एवढं भोगून मी पान लिहिलं, आणि तरी सहाच्या सहा वर्षं कोरडी धरली! वाटतं, तरुणपणी ध्येय लिहिताना आपण सगळे असंच करतो. आपल्या मेहनतीचे आकडे तेवढे लिहितो.

म्हणून आत्ता बसून पान पुन्हा लिहिलं. चार हंगामांत एक हंगाम पावसाचा धरला. त्या वर्षी वाढ शून्य, कर्जाचा हप्ता मात्र चालू, आणि शेतकऱ्याचे सात दिवस तसेच सात. त्यासाठी चांगल्या वर्षाच्या नफ्यातला चौथा हिस्सा बाजूला. असं केलं की ५० टन तिशीत बसत नाहीत, तेहतिसाव्या वर्षी बसतात. आकडा मी कमी केला नाही. साल पुढं ढकललं. थोडं दुखलं, खोटं कशाला लिहू.

पुण्याहून येताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबायची तेव्हा मी नेहमी खिडकीतून बघायचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं तेव्हा ते माझ्याहून लहान होते. लोखंडी नांगर केला तर शेतकरी घेईनात, लोखंडानं जमीन नासते असं वाटायचं लोकांना. बेळगावची जागा सोडावी लागली आणि १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला. दुकानापासून माळापर्यंत २२ वर्षं. त्यांच्याही वाटेत असे कोरडे न गेलेले हंगाम होतेच की. माझी तर तीनच वर्षं वाढली आहेत.

नवं पान आण्णांना दाखवायला गेले तर झोपले होते. उशाशी बॅटरी होती, मार्चभर ती तिथंच असते. आई जागी होती. तिनं विचारलं, "झालं का लिहून?" मी म्हटलं, झालं.

बाहेर वारं पडलेलं आहे, आभाळ स्वच्छ. शेडच्या पश्चिमेच्या बाजूला अंदाजे ४० फूट कापड कमी पडतंय. सकाळी माप घेऊन आठच्या एसटीनं तासगावला जाऊन आणायचं आहे.