एकटीचे जेवण, इंदुरात

इंदूर, गुरुवार, रात्र

कामासाठी परगावी आले की दिवसाची मला चिंता नसते, चिंता असते ती रात्रीच्या जेवणाची. पीथमपूरच्या कारखान्यात दिवसभर सुट्या भागांची तपासणी चालते, दुपारचे जेवण तिथल्या कँटीनमध्ये सर्वांच्या गप्पांत होऊन जाते आणि संध्याकाळी गाडी इंदुरात आणून सोडते, तेव्हा आता कुठे जेवायचे हा प्रश्न समोर उभा राहतो. खोलीवर ताट मागवता येते, पण पलंगाच्या कडेला बसून, मांडीवर ताट सावरत जेवलेले अन्न माझ्या अंगी लागत नाही, आणि भाजीचा वास रात्रभर खोलीत राहतो तो वेगळाच.

मोठ्या हॉटेलात एकट्या माणसाची खरी अडचण संकोचाची नसून मापाची असते, असे माझे मत होत चालले आहे. तिथली भाजीची प्लेट दोघा-तिघांच्या हिशेबाने भरलेली असते, त्यामुळे एक भाजी, डाळ, भात आणि दोन पोळ्या मागवल्या की निम्मे अन्न टेबलावर उरते. ते टाकून उठणे मला जमत नाही आणि खोलीवर नेऊन ठेवायला जागा नसते. शिवाय गर्दीच्या वेळी चौघांचे टेबल एकटीने अडवले आहे ही जाणीव घास नीट गिळू देत नाही. म्हणून मी आता जागा शोधताना नावलौकिक पाहत नाही. एका माणसापुरते मिळते का, आलेल्याला पटकन जागा होते का, रस्ता उजेडाचा आहे का आणि आत बायका-मुले जेवत आहेत का, एवढेच पाहते.

या कसोटीवर इंदूर फार उजवे ठरते, कारण या शहराला उभ्याने खाण्याची जुनी सवय आहे. सकाळचे पोहे घ्या. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत गरम राहतात, त्यांत बडीशेपेची चव असते, आणि बशीत पडल्यावर वरून शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि जिरावन या इथल्या मसाल्याची चिमूट पडते, शेजारी जिलबी. आमच्या पुण्याकडच्या, कांद्याची फोडणी दिलेल्या पोह्यांहून हा प्रकार अगदी निराळा आहे. त्या ठेल्याभोवती कचेरीला निघालेला प्रत्येक जण एकटाच उभा असतो, बशी हातात, नजर घड्याळाकडे; तिथे एकटेपणाची कुणी नोंदही घेत नाही.

संध्याकाळी लवकर सुटका झाली तर मी न्यू पलासियाच्या छप्पन दुकानला जाते. एका रांगेतली ही खाण्याची दुकाने, समोर वाहनांना मज्जाव असलेला मोकळा रस्ता आणि बसायला बाक, त्यामुळे खोबऱ्याचे सारण भरलेले पॅटिस एका दुकानातून आणि शिकंजी दुसऱ्यातून घेऊन पोटाच्या अंदाजाने पुढे सरकता येते. इथली शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे. ती दुधाची, दाट आणि सुक्या मेव्याची असते, तेव्हा ती शेवटी घ्यावी, नाहीतर पुढचे सगळे राहून जाते.

काल तिथेच उंच टेबलाशी एक काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझा फोनवरचा मराठी संवाद त्यांनी ऐकला असावा. “पुण्याच्या का तुम्ही? मग सराफ्याला गेल्याशिवाय परत जाऊ नका. पण घाई करून जाऊ नका हो, सोन्याची दुकाने बंद झाल्यावरच खरी मांडामांड सुरू होते. दहानंतर जा, आणि रिकाम्या पोटी जा.” मी रात्रीच्या वेळेबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, आमच्या सुना लेकरांना घेऊन बारा वाजता जातात तिथे.”

आज गेले. राजवाड्याच्या शेजारचीच ही गल्ली दिवसा सराफांची असते आणि रात्री त्यांच्याच बंद दुकानांपुढे खाण्याचे ठेले लागतात. काकूंचे म्हणणे खरे होते: आजी, नातवंडे, नवी जोडपी, सगळे दाटीवाटीने उभे होते आणि दिव्यांचा लखलखाट असा की मागे वळून पाहण्याची गरजच वाटली नाही. भुट्ट्याचा कीस मी कढईपाशी उभी राहून पाहिला. किसलेले कोवळे कणीस तुपावर परतून दुधात शिजते, कडेने तूप सुटू लागले की विक्रेता उलथन्याने ते आत ओढतो, आणि वर लिंबू व कोथिंबीर घालून छोट्या द्रोणात देतो. थंडीचे दिवस असल्याने गराडूही होते: कंदाचे तुकडे कुरकुरीत तळून मसाला आणि लिंबू लावलेले. जोशी दहीबडा हाऊसपाशी दहीवड्याचा द्रोण हवेत उंच उडवून पुन्हा हातात झेलतात, तो पाहायला जमलेल्या घोळक्यात मीही अनोळखी लोकांबरोबर मनापासून हसले. प्रत्येक द्रोण एका माणसाचाच; उरण्याचा प्रश्न नाही.

तरीही रोज तळलेले आणि चटपटीत खाऊन चालत नाही. त्यासाठी सरवटे बसस्थानकाच्या परिसरातली साधी भोजनालये मला अधिक मोलाची वाटतात, कारण तिथे येणारा बहुतेक प्रवासी एकटाच असतो आणि एकाची थाळी हाच तिथला नेहमीचा हिशेब असतो. दालबाफले मात्र मी कामाच्या दिवशी टाळते. बाफला आधी पाण्यात उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. वर डाळ आणि लाडू. त्यानंतर झोपच हवी, म्हणून तो बेत रविवारच्या दुपारसाठी ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. आमच्या कार्यालयात जेवणाच्या खर्चासाठी छापील बिल लागते, आणि ठेल्यावर ते मिळत नाही. म्हणजे मोठ्या हॉटेलात अर्धे अन्न वाया घालवले तर पैसे परत मिळतात, आणि सराफ्यात पोटापुरते खाल्ले तर स्वतःच्या खिशातून जातात. बिलांऐवजी दिवसाचा ठरावीक भत्ता द्यावा, असे पत्र मी हिशेब विभागासाठी आत्ताच लिहायला घेतले आहे, कारण पुढच्या महिन्यात माझ्या जागी येणारी सहकारी माझ्याहून वयाने बरीच लहान आहे आणि ती केवळ बिलासाठी रोज खोलीवर ताट मागवीत बसू नये.