किलिमांजारोला जाताना आम्ही कंपनी कशी पारखली

टांझानियातल्या किलिमांजारो डोंगराच्या पायथ्याशी, मचामे गेटवर वजनकाटा आहे. डोंगरावर जाणारं प्रत्येक ओझं तिथे मोजलं जातं, कारण किलिमांजारोवर एका हमालाने २० किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही असा राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे. आमच्या गटाचं एक पोतं २२ किलो भरलं. मुख्य गाइडने काही न बोलता त्यातली बटाट्याची पिशवी काढली आणि दुसऱ्या हलक्या ओझ्यात टाकली. शेजारच्या एका गाइड कंपनीचा माणूस मात्र पोतं काट्यावरून पास करून घेत होता आणि पलीकडे गेल्यावर ते उचलणाऱ्या हमाल पोराच्या खांद्याला आणखी एक पिशवी अडकवत होता. माझ्या नणंदेने मला कोपराने ढोसलं. "वहिनी, पाह्यलं काय?"

पाहिलं होतं. अचलपूर तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. काट्याच्या अलीकडे आणि पलीकडे काय चालतं, हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये, आंबिया बहाराची तोडणी आटोपल्यावर, आम्ही दोघी टांझानियाला गेलो. मी ४७ वर्षांची, नणंद माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि सरकारी दवाखान्यात परिचारिका. परत आल्यापासून गावातले, परतवाड्याचे, अंजनगावचे लोक एकच विचारतात : कोणती कंपनी? नाव मी सांगते, पण नुसत्या नावावर जाऊ नका असंही सांगते. गाइड कंपन्या बदलतात, मालक बदलतात. कंपनी कशी पारखायची ते कळलं, तर नाव तुमचं तुम्हाला सापडेल.

हे शहाणपण आम्हाला नेपाळात आलं. २०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही अन्नपूर्णा बेस कॅम्पला गेलो होतो, एका मोठ्या शहरातल्या कंपनीतर्फे. जाहिरातीत लिहिलं होतं, 'छोटा गट, जास्तीत जास्त १२'. पोखऱ्याला पोचलो तर २३ माणसं. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं एकाच दावणीला बांधलेली. मच्छपुच्छ्रे बेस कॅम्पला, ३,७०० मीटरवर, माझं डोकं फुटायला आलं, उलट्या सुरू झाल्या. गाइड पुढच्या पोरांबरोबर कधीच निघून गेला होता. लॉजवाल्या बाईने गरम पाणी दिलं आणि नणंदेने ठरवलं की आत्ताच्या आत्ता खाली उतरायचं. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, आम्ही दोघीच देउरालीपर्यंत उतरलो. माझ्या नशिबाने ती सोबत होती. एकटी असते तर काय झालं असतं, हा विचार मनात आला की अजूनही झोप उडते.

नंतर खोदून चौकशी केली तेव्हा साखळी कळली. पैसे घेणारी कंपनी शहरातली, तिचा एजंट काठमांडूचा, त्याच्या हाताखाली पोखऱ्याचा माणूस आणि सगळ्यात शेवटी रोजाने लावलेला गाइड. आमच्यासोबत चालणाऱ्याला आमची नावंही माहीत नव्हती. म्हणून किलिमांजारोचं ठरलं तेव्हा आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. डोंगरावर आपल्यासोबत प्रत्यक्ष कोण चालणार आणि त्याला कोण किती देतं, हे आधी विचारायचं. व्यापारी बगीचा पाहायला आला की आपण काय विचारतो? तोडणी कोणाची, मजुरी कोण देणार, चुरी म्हणजे बारीक फळं कोणाची, इसार किती. तेच प्रश्न इथेही चालतात.

आम्ही तिघांकडून भाव काढले. डोंगराच्या पायथ्याचं गाव मोशी. देशातल्या एका कंपनीला मी विचारलं, "मोशीत तुमचं काम कोण बघतं?" उत्तर आलं, "मॅडम, त्याची काळजी तुम्ही करू नका." मी तिथेच फोन ठेवला. दुसरी परदेशी कंपनी होती. तिची उत्तरं चोख होती, पण भाव जवळजवळ दीडपट, आणि तारखा आमच्या तोडणीत बसत नव्हत्या. तिसरी मोशीतलीच. नोकरीवाल्यांना तारखा जमत असतील आणि परक्या मुलखातल्या कंपनीशी थेट बोलायची भीती वाटत असेल, तर जादा पैसे मोजून मोठ्या कंपनीबरोबर जाण्यात काही वावगं नाही. फक्त तिलाही हेच प्रश्न विचारा.

मोशीत 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' नावाची संस्था आहे. हमालांना ठरलेली मजुरी मिळते का, जेवण मिळतं का, झोपायला धड तंबू मिळतो का, यावर ती लक्ष ठेवते, त्यांना उबदार कपडे फुकट वापरायला देते आणि हे नियम पाळणाऱ्या भागीदार कंपन्यांची यादी जाहीर करते. आम्ही त्या यादीतल्याच कंपन्यांना लिहिलं. इंग्रजीसाठी बी.एस्सी.ला असलेल्या भाचीला बसवलं. त्यातली एक म्हणजे वरची तिसरी कंपनी. तिच्या व्यवस्थापक बाईंनी दुसऱ्या दिवशी गाइडांची नावं, पर्यटन परवान्याची प्रत आणि माणशी किती हमाल हे लिहून पाठवलं. मी विचारलं, "मला मधूनच उतरावं लागलं तर?" त्यांनी लिहिलं, की आठ जणांच्या गटाला चार गाइड असतील, एकाला उतरावं लागलं तरी बाकीच्यांचं चालणं थांबणार नाही. या एका उत्तरावर आमचा निर्णय झाला. त्यांच्या मागच्या गिऱ्हाइकांपैकी नाशिकच्या एका बाईंचा नंबर मागून घेतला आणि पाऊण तास बोललो. कंपनीने नंबर द्यायला कां-कूं केलं, तर पुढे जाऊ नका.

भाव पारखायचा हिशेबही सोपा आहे. आम्ही गेलो तेव्हा उद्यानाचं शुल्क दर माणशी दिवसाला ७० डॉलर, तंबूच्या प्रत्येक रात्रीचे ५०, बचावासाठी एकदाच २० आणि या सगळ्यावर १८ टक्के कर असं होतं. सात दिवस, सहा रात्रींचे साडेनऊशे डॉलरच्या वर नुसते सरकारजमा होतात. त्यानंतर माणशी तीन-चार जणांची आठवड्याची मजुरी, शिधा, तंबू, गाडी. तेव्हा कोणी बाराशे डॉलरमध्ये सात दिवसांची चढाई देत असेल, तर ती कुठून भरून निघते? हमालाच्या ताटातून आणि पांघरुणातून. आम्ही माणशी २,१५० डॉलर दिले, विमानाचं तिकीट वेगळं. इसार बँकेतून पाठवला. तालुक्याच्या शाखेत हे काम नेहमीचं नसल्यामुळे अमरावतीला जावं लागलं. पॅन कार्ड आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म लागतो. बाकीची रक्कम मोशीला पोचल्यावर. देशातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर बिलात जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे कंपनीने आधीच वसूल केलेला आयकर, हे दोन्ही दिसतात. टीसीएस आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून दोन कंपन्यांचे भाव ताडताना तो बाजूला काढून ताडा. त्याचे दर बदलत असतात, आपल्या सीएला विचारा.

दिवसांवर काटकसर करू नका, हे मी हात जोडून सांगते. डोंगर ५,८९५ मीटरचा आहे आणि आपण मैदानातली माणसं. आमच्या सरावाचा डोंगर म्हणजे चिखलदऱ्याजवळचा वैराट, १,१७८ मीटर. गाविलगड चढलो, पाठीवर आठ किलोंची बॅग घेऊन रोज पहाटे धुऱ्याधुऱ्याने दीड तास चाललो. त्याने पाय तयार होतात. रक्ताला विरळ हवेची सवय मात्र डोंगरावरच होते, आणि तिला दिवसच लागतात. पाच दिवसांची वाट स्वस्त पडते आणि तिथेच माणसं आजारी पडतात. आम्ही सात दिवसांची मचामे वाट घेतली. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४,६०० मीटर, चढवतात आणि झोपायला बरांकोला, ३,९०० च्या आसपास, खाली आणतात. उंच चढायचं आणि खाली झोपायचं, यासाठीच ती वाट बरी.

सकाळ-संध्याकाळ गाइड बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहायचा, डोकं दुखतं का, लघवीला होते का, जेवण जातं का, सगळं विचारायचा. नणंदेने पहिल्याच दिवशी वही पाहिली आणि म्हणाली, "आमच्या वॉर्डात असं लिहिलं तर सिव्हिल सर्जन खूश होतील." उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी आम्ही घेतली, पण आधी आपल्या डॉक्टरला दाखवून. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही.

स्वाहिली भाषा कानाला परकी वाटली नाही. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', चहाला 'चाय', पोळीला 'चपाती', विम्याला 'बिमा'. हमालासाठीही 'हमाली' हा शब्द आहे. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो 'पोले पोले', हळूहळू. गाइड पाऊलभर पुढे राहून हेच म्हणत चालतो.

विम्यावरून आठवलं. परदेश प्रवासाचा साधा विमा इथे पुरत नाही. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक उंचीच्या वर काही झालं तर पैसे मिळत नाहीत. आम्ही दोन पॉलिसी नाकारल्या. ६,००० मीटरपर्यंतची पायी चढाई आणि हेलिकॉप्टरने उतरवणं हे दोन्ही लेखी मिळालं, तेव्हाच पैसे भरले. फोनवरचं "हो हो, सगळं कव्हर आहे" धरू नका.

बाईमाणसासाठी एक वेगळा प्रश्न आहे, तो लाजून टाळू नका. संडासाचा तंबू गटासोबत असतो का? उद्यानाचे सार्वजनिक संडास असतात, पण रात्री दोन वाजता, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, दगडगोट्यांतून तिथवर जाणं सोपं नाही. आमच्या कंपनीचा छोटा तंबू होता आणि तो सांभाळणाऱ्याला त्याची वेगळी मजुरी होती. तंबूत सोबत कोण झोपणार, हेही आधीच लेखी घ्या.

सहाव्या दिवशी मध्यरात्री शिखराखालच्या बराफू कॅम्पवरून निघालो. उणे पंधराच्या आसपास थंडी. ४५ अंशांच्या उन्हात वावरात उभं राहणारी मी, पण त्या थंडीपुढे बोटं माझी राहिली नाहीत. भाड्याने घेतलेलं पिसांचं जॅकेट आणि आत चार थर होते. थंडीचे कपडे मोशीत भाड्याने चांगले मिळतात, एका प्रवासासाठी इथून विकत घेऊ नका. बूट मात्र आपलेच आणि पायाला सरावलेले हवेत. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, तोंड मोकळं राहतं.

उजाडताना स्टेला पॉइंटला पोचलो, ५,७५६ मीटर. समोर ज्वालामुखीच्या विवराच्या कडेने वाट उहुरूकडे, म्हणजे सगळ्यात उंच टोकाकडे जाते, तासाभराची. माझं बोलणं अडखळत होतं. मला ते कळत नव्हतं, गाइडला कळलं. त्याने माझ्या बोटाचा आकडा पाहिला, मला सरळ रेषेत चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाला, "मामा, आता खाली." स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मी रडले, विनवलं. तो ऐकला नाही. एक गाइड माझा हात धरून मला घेऊन उतरला आणि नणंद दुसऱ्यासोबत उहुरूला पोचली. हजार मीटर खाली आल्यावर माझी जीभ सुटली आणि भूकही लागली. नेपाळात तिला माझ्यासाठी परतावं लागलं होतं, इथे नाही लागलं. जास्तीच्या गाइडचे पैसे आम्ही यासाठीच दिले होते. स्टेला पॉइंटपर्यंत पोचणाऱ्यांनाही उद्यानाचं प्रमाणपत्र मिळतं. माझं समोरच्या खोलीत लावलं आहे.

बक्षिशीचं आधी ठरवून जा. ती चढाईच्या भावात नसते, पण द्यावीच लागते. आमचे माणशी अडीचशे डॉलर गेले. रक्कम सगळ्यांच्या देखत मोजून, कोणाला किती ते वाचून द्या, एकट्या मुख्य गाइडच्या हातात गठ्ठा देऊ नका. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून मी डब्यात तिळाचे लाडू नेले होते. आम्ही आठ आणि आमच्यासाठी राबणारे एकतीस जण. एकेक लाडू सगळ्यांना पुरला.

आणखी थोडं सुटं सुटं. टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे. चिवडा, जवसाची चटणी कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या असू द्या, जुनी किंवा फाटकी नोट कोणी घेत नाही. व्हिसा ऑनलाइन काढला, ५० डॉलर. आमचं विमान मुंबई-आदिस अबाबा-किलिमांजारो असं होतं. इथिओपियावरून परतायचं म्हणून पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रावर निघायच्या दहा दिवसांहून आधी घेतली; ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून घ्या. बडनेऱ्याहून निघताना मुंबईत एक दिवस हाती राहील असा बेत करा, गाडीला उशीर झाला तर विमान थांबत नाही.

नणंद आता किलिमांजारोच्याच लेमोशो नावाच्या आठ दिवसांच्या वाटेचा भाव काढते आहे, माझ्यासाठी. एक दिवस जास्त मिळाला तर मला उहुरू जमेल, असं तिचं म्हणणं. जाऊबाईंनीही पासपोर्टचा अर्ज भरला. येत्या आंबियाचा सौदा झाला, की मोशीला इसार पाठवायचा आहे.