आईचा दुसरा खलबत्ता

गेल्या मार्चमध्ये मुलाच्या दप्तरात त्याच्या इथल्या, इंग्लंडमधल्या शाळेची एक चिठ्ठी आली. येत्या सोमवारपासून डब्यात शेंगदाणा किंवा शेंगदाण्याचा कोणताही पदार्थ पाठवू नये, एवढेच तीत लिहिले होते. ती वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आणि शाळेत तो एकच पदार्थ खात असे: तूप लावलेल्या चपातीची सुरळी आणि तीत बेळगावातल्या शहापूरहून माझ्या आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2014 पासून सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांच्या पहिल्या तीन वर्गांतल्या सगळ्या मुलांना दुपारचे जेवण मोफत मिळते. पण बटाट्याला बीन्सचा रस लागलेला दिसला की माझा मुलगा ते ताट दूर लोटतो. हा हट्ट नव्हे. रंग, वास किंवा जिभेला लागणारा खरखरीतपणा थोडा जरी बदलला, तरी त्याच्या दृष्टीने तो पदार्थच वेगळा होतो, आणि अनोळखी वस्तू तोंडात घालायला आपणही धजावत नाही.

मी शाळेला लांबलचक पत्र लिहिले. आमच्या बेळगावकडे शेंगदाण्याच्या कुटावाचून अर्ध्या भाज्या होत नाहीत, हेसुद्धा त्यात लिहिले. उत्तरादाखल विशेष गरजांच्या मुलांचे काम पाहणाऱ्या शिक्षिकेने, जिला इथे सगळे सेन्को म्हणतात, मला बोलावून घेतले. वर्गातल्या एका मुलीला शेंगदाण्याची इतकी तीव्र ॲलर्जी आहे की तिचे इंजेक्शन सतत जवळ ठेवावे लागते, असे तिने सांगितले. त्यानंतर नियमाविरुद्ध बोलण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नाही. मात्र ज्या मुलाला नवा चमचा स्वीकारायला महिना लागतो, त्याच्या घरी गुरुवारी चिठ्ठी पाठवून सोमवारपासून बदल मागणे अन्यायाचे होते, असे मी तेव्हा म्हटले आणि आजही म्हणते. पुढचे कित्येक आठवडे तो सकाळच्या दुधावर सव्वातीनपर्यंत राहिला आणि डबा जसाच्या तसा घरी येत राहिला.

त्या दिवसांत जेवणाच्या वेळी देखरेख करणाऱ्या एका बाईंनी जे केले, ते मी विसरणार नाही. चटणी गेली हे खरे, पण जेवणाच्या मोठ्या दालनातला गोंगाट, ट्रे आपटल्याचे आवाज आणि शंभर पदार्थांचा मिसळलेला वास त्याला त्याहून अधिक छळतो, हे त्यांनी ओळखले. इतर मुलांच्या दहा मिनिटे आधी, शेजारच्या लहान खोलीत, एका मित्रासोबत त्या त्याला बसवू लागल्या. समोर दोन चित्रांची पट्टी असे: आधी डबा, मग झोपाळा. ‘झालं?’ हा शब्द त्यांनी माझ्याकडून शिकून घेतला आणि त्या रोज तो त्याला विचारू लागल्या.

शाळेच्या मोठ्या सुट्टीत, ऑगस्टच्या सुमारास, आम्ही शहापूरच्या घरी सहा आठवडे होतो. बाहेर पावसाची झड लागलेली असे. आईने जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजले आणि त्यात लसूण, तिखट व मीठ घालून चटणी केली. रंग बराचसा शेंगदाण्याच्या चटणीसारखा आला. तिने काहीही लपवले नाही. त्याच्या डोळ्यांदेखत जुन्या चटणीत चिमूटभर जवस घालायचे, बत्ता त्याच्या हातात द्यायचा आणि तीन-चार दिवसांनी जवसाचे प्रमाण थोडे वाढवायचे, असा तिचा क्रम होता. आवाजाने कान झाकून घेणारा हा मुलगा खलबत्त्याच्या ठोक्यांवर मात्र डोलत असे, कारण तो आवाज तो स्वतः करत होता. पहिल्या आठवड्यात वाटी ताटापासून हातभर दूर राहिली, मग जवळ आली, मग त्याने बोट लावले. 26 व्या दिवशी त्याने नुसत्या जवसाच्या चटणीची सुरळी अर्धी खाल्ली.

‘दोन दिवस उपाशी ठेवा बघू, मुकाट्याने खाईल,’ असे सांगणारेही त्याच अंगणात भेटले. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही, पण अशी मुले खरोखर उपाशी राहतात. तिथल्या एका शाळेत त्याला थोडे दिवस बसवावे म्हणून मी विचारायला गेले, तर डब्याच्या वेळी एकाच मुलाकडे लक्ष देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि त्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, हे मी त्यांना सांगितले; त्यांनी मान हलवली. आईवडिलांना या वयात एकटे ठेवून आम्ही परत का गेलो, असे विचारणाऱ्यांना मी ही हकीकत सांगते. तरीही पावसात ओट्यावर मांडी घालून, आजीच्या शेजारी, कोणताही ट्रे न आपटता तो जसा जेवला, तसा इंग्लंडमध्ये अजून एकदाही जेवलेला नाही.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा, जुन्या खलबत्त्यात शेंगदाण्याचा अंश राहील आणि त्या मुलीला त्रास होईल, हे आईच्याच लक्षात आले. तिने खडेबाजारातून नवा खलबत्ता आणला. तो वेगळ्या फडताळात, कापडात गुंडाळलेला असतो, आणि त्यात शेंगदाणा कुटायला ती कोणालाही देत नाही.