आक्काच्या लॅपटॉपसाठी लिनक्स निवडताना

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा चिपची सोय त्यात नाही, म्हणून एका दुकानदाराने तिला सरळ नवीन लॅपटॉप घ्यायला सांगितले. कीबोर्ड, स्क्रीन, बॅटरी सगळे धड असताना तो भंगारात काढावा, हे मला पटेना. विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली घालायची हे लगेच ठरले. तिच्या अनेक प्रकारांपैकी कोणता घालायचा, यात मात्र माझे दोन रविवार गेले.

आक्का महिला मंडळाची सचिव आहे. "मराठी टाइप होतंय का ते आधी बघ, बाकीचं मागनं," असे तिने बजावले होते, आणि निवडीची याहून चांगली कसोटी मला कुठे वाचायला मिळाली नाही. फेडोरा या प्रकाराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिने अद्यतने मिळतात. दरवर्षी मोठी उलथापालथ करणे आक्काला जमणार नाही, म्हणून ते बाजूला ठेवले. उबुंटू हा दुसरा प्रकार भरवशाचा आहे, पण चार जीबी रॅमवर त्याचा नेहमीचा डेस्कटॉप जड वाटला. लिनक्स मिंट या तिसऱ्या प्रकाराची २२ ही मालिका उबुंटूच्याच २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी असून तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, आणि तिचा एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप हलका आहे. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, अशी मांडणी असल्यामुळे आक्काला काही शोधावे लागले नाही.

डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालू केले, सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी टाइप करण्याची कळमांडणी जोडली आणि आक्काला "रंकाळ्याच्या किनाऱ्यावर" एवढेच लिहायला सांगितले. 'किनाऱ्यावर' मधला तो अर्धा र फार ठिकाणी रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो आणि शब्दाचे 'किनार्यावर' होते. इथे शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबल्यावर 'ऱ्य' जसाच्या तसा उमटला, आणि माझ्यापुरती निवड तिथेच झाली.

वाय-फाय मात्र दिसेना. मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वाय-फायचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम) घातला, तेव्हा ते सुरू झाले. हे पेनड्राइव्हवरच कळले म्हणून बरे. विंडोज पुसून झाल्यावर कळले असते, तर आक्काचा धीर सुटला असता. छपाईला काहीच अडचण आली नाही. सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या, मगच मिंट कायमचे बसवले आणि लगेच टाइमशिफ्ट या प्रोग्रॅममध्ये पहिला स्नॅपशॉट, म्हणजे बिघाड झाल्यास मागे जाता येईल अशी प्रणालीची नोंद, घेऊन ठेवला.

एक काम अजून राहिले आहे. मंडळाची जुनी इतिवृत्ते युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत आणि लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ती निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतात. येत्या रविवारी आक्काजवळ बसून ती एकेक करून युनिकोडमध्ये बदलून घेणार आहे.