मशीन हलली, पंखा तिथेच

कारखान्यातला लेआउट, म्हणजे मशीनची मांडणी, बदलला की मशीन हलतात, माणसं हलतात, पण भिंतीवरचा पंखा काही हलत नाही, तो आपला रिकाम्या कोपऱ्याला वारा घालत बसतो. यावेळी तर त्याचा झोत थेट वेल्डिंगच्या टेबलावर, शिल्डिंग गॅस (वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा) उडून जायचा आणि वेल्डमध्ये बारीक बारीक भोकं, आम्ही दोन दिवस उगाच वेल्डिंगच्या वायरला शिव्या घालतोय! शेवटी चाकांवरचा पंखा आणला, तोंड फिरवलं, मिटलं. आणि हो, पंख्याला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) लावा राव, स्पीड 80 टक्क्यांवर आणला तर हवा साधारण 80 टक्के मिळते पण पॉवर निम्मीच लागते, कारण ती स्पीडच्या घनाप्रमाणे बदलते. फक्त आतली हवाच 40 डिग्रीची असेल तर पंखा बिचारा गरम झळाच मारणार, तिथे वर गरम हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट पाहिजेच.